गार्नर, ग्वाडलूप की साउथ लॅनो? आरव्ही घेऊन टेक्सासातल्या कोणत्या नदीकाठी जावं

मार्च उजाडला की टेक्सासातल्या मराठी घरांमध्ये एक विषय हमखास निघतो: या वर्षी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायचीच. मुलांना सुट्टी, भारतातून आलेले आईबाबा, जोडीला आणखी एखादं कुटुंब आणि नदीकाठी दोन-तीन रात्री. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. घोडं अडतं ते नदी कोणती यावर. ऑस्टिनहून निघा, ह्यूस्टनहून निघा की डॅलसहून, मध्य टेक्सासातल्या टेकड्यांच्या मुलखातल्या, म्हणजे हिल कंट्रीतल्या, तीन स्टेट पार्कांची नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात: फ्रीओ नदीवरचं गार्नर, ग्वाडलूप नदीवरचं ग्वाडलूप रिव्हर आणि जंक्शन गावाजवळचं साउथ लॅनो रिव्हर. तिन्ही सुंदर आहेत. पण एकाला जागा मिळाली नाही म्हणून डोळे झाकून दुसऱ्याचं बुकिंग करावं इतकी ती सारखी नाहीत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. फोटो बघून पार्क ठरवू नका. तुम्ही जाल त्या महिन्यात नदीला पाणी किती असेल आणि तुमची गाडी त्या पाण्यापासून किती उंचावर उभी राहील, हे दोन प्रश्न आधी सोडवा. मुलांना काय आवडेल, आईबाबांना काय झेपेल, गाडी केवढी घ्यायची, या गोष्टी त्यानंतर.

पाण्याचा हिशेब

हिल कंट्रीतल्या या नद्या झऱ्यांवर जगतात. एडवर्ड्‌स पठाराच्या चुनखडकात मुरलेलं पावसाचं पाणी झऱ्यांतून बाहेर येतं आणि नदीला मिळतं. म्हणून पाणी एवढं नितळ असतं, आणि म्हणूनच एक-दोन वर्षं पाऊस रुसला की नदी झपाट्याने ओसरते. २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात ग्वाडलूप रिव्हर पार्कच्या परिसरात नदीचं वाहणंच थांबलं होतं, मधूनमधून डबकी तेवढी उरली होती. गार्नरला फ्रीओचीही अवस्था वाईट होती. ट्यूबमध्ये बसून तरंगत जायचं म्हणून आलेली मुलं गोट्यांवरून ट्यूब हातात घेऊन चालत होती.

साउथ लॅनोची गोष्ट वेगळी आहे. तिच्या वरच्या अंगाला सेव्हन हंड्रेड स्प्रिंग्ज नावाचा झऱ्यांचा मोठा समूह आहे. दुष्काळात तिचंही पाणी कमी होतं, पण ती सहसा वाहायची थांबत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल आणि वर्ष कोरडं गेलं असेल, तर माझ्या दृष्टीने तिघांमधली निवड इथेच होऊन जाते.

अंदाज बांधायला कुणाला फोन करण्याची गरज नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे, म्हणजे यूएसजीएसचे, या नद्यांवर मापक आहेत. फ्रीओसाठी कॉनकॅनचा बघा, ग्वाडलूपसाठी स्प्रिंग ब्रँचचा, साउथ लॅनोसाठी जंक्शनचा. आकडा घनफूट प्रति सेकंद या एककात असतो. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. नुसत्या आजच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. त्याच आलेखात त्या तारखेला एरवी किती पाणी असतं हेही दाखवतात. आजची रेघ त्याच्या बरीच खाली असेल आणि महिनाभर उतरतीच असेल, तर पोहण्याच्या बेतावर भिस्त ठेवू नका.

आता उलट बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. मातीचा थर पातळ, खाली खडक, दोन्हीकडे टेकड्यांचे उतार. जोराचा पाऊस झाला की पाणी मुरतच नाही, सगळंच्या सगळं नदीत येतं. या पट्ट्याला फ्लॅश फ्लड अ‍ॅली, म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली, म्हणतात ते उगाच नाही. ४ जुलै २०२५ च्या पहाटे केर काउंटीत ग्वाडलूप नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. त्या पुरांमध्ये टेक्सासात १३० हून अधिक माणसं गेली. त्यांत शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या, सुट्टीला आलेली कुटुंबं होती, आणि नदीकाठच्या आरव्ही पार्कांमध्ये गाडीत झोपलेली माणसं होती. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये जंक्शनजवळ साउथ लॅनोच्या काठच्या एका आरव्ही पार्कमधूनही गाड्या माणसांसकट वाहून गेल्या होत्या.

हे वाचून बेत रद्द करा असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण 'खिडकीतून नदी दिसली पाहिजे' हा हट्ट सोडा, एवढं कळकळीने सांगते. नदीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालत जावं लागलं तर काही बिघडत नाही. रात्री दोन वाजता मुलांना उचलून पळावं लागलं तर बिघडतं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं हलकं घर आहे. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं, मग ही तर उंच आणि पोकळ.

या कसोटीवर ग्वाडलूप रिव्हर पार्क सरस आहे. तिथल्या आरव्हीच्या साइट, म्हणजे गाडी लावून राहायच्या जागा, वर सपाटीवर आहेत आणि नदी खाली, उतार उतरून. साउथ लॅनोचं कॅम्पग्राउंडही नदीपासून बाजूला आहे, पण पार्कात जाणारा रस्ताच नदी ओलांडून जातो. पाणी चढलं तर गाडी सुरक्षित राहील, बाहेर मात्र पडता येणार नाही. तेव्हा एक दिवसाचं जास्तीचं खाणं आणि आईबाबांची औषधं जवळ असलीच पाहिजेत. गार्नर मोठं आहे, त्यात काही लूप, म्हणजे साइटचे गट, नदीलगत आहेत आणि काही तिच्यापासून दूर. बुकिंग करताना नकाशा उघडा आणि दूरचा लूप निवडा. लोक नेमकं उलट करतात.

वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक घरातल्या सगळ्यांना समजावून ठेवा. फ्लॅश फ्लड वॉच म्हणजे पूर येण्याजोगी हवा आहे, सावध राहा. वॉर्निंग म्हणजे पूर आलाय किंवा येतोच आहे. तेव्हा सामान गोळा करायचं नाही, वायर सोडवत बसायचं नाही, माणसं घेऊन चालत उंचावर जायचं. गार्नर आणि साउथ लॅनोच्या परिसरात फोनची रेंज भरवशाची नाही, म्हणून हवामान खात्याच्या सूचना ऐकवणारा छोटा बॅटरीवरचा रेडिओ घ्या. ग्वाडलूपच्या बाबतीत आणखी एक ध्यानात असू द्या: पार्क केरव्हिलच्या बरंच खालच्या अंगाला आहे. डोक्यावर निरभ्र आकाश असताना वरचा पाऊस काही तासांनी तुमच्यापर्यंत पोचू शकतो.

गार्नर: माणसांची आवड असणाऱ्यांसाठी

रूझवेल्ट यांच्या काळात उपराष्ट्राध्यक्ष असलेले जॉन नान्स गार्नर इथल्या युव्हाल्डीचे. त्यांचं नाव या पार्काला आहे. मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी उभारलेल्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी दगड घडवून इथल्या इमारती बांधल्या आणि १९४१ साली पार्क खुलं झालं. जवळपास तीन मैल फ्रीओचा काठ, दोन्ही बाजूंना उंच बाल्ड सायप्रसची झाडं, आणि पाणी असं की छातीभर उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता यावीत. छोट्या बंधाऱ्यामुळे पोहण्यापुरता डोह तयार झालेला आहे. ट्यूब, पॅडल बोट तिथेच भाड्याने मिळते.

पण गार्नरला जायचं खरं कारण संध्याकाळी कळतं. उन्हाळ्यात रोज रात्री जुन्या दगडी कन्सेशन बिल्डिंगच्या अंगणात ज्यूकबॉक्स लागतो आणि लोक नाचतात. १९४० च्या दशकापासून हे चालू आहे. उन्हं कलली की माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन जागा धरायला येतात. पोहून ओल्या केसांनी आलेली मुलं, इस्त्रीचा शर्ट आणि बूट घातलेले आजोबा, पहिल्यांदाच कुणाचा तरी हात धरून नाचणारी, कानशिलं लाल झालेली पोरं. गाणी बहुतेक कंट्री. एखादे आजोबा नातीला स्वतःच्या बुटांवर उभं करून टू-स्टेप शिकवत असतात. भारतातून आलेल्या आईबाबांना अमेरिका म्हणजे मॉल आणि धबधबे एवढीच दाखवून आपण परत पाठवतो. दगडी कठड्यावर बसून ही एक संध्याकाळ त्यांनी पाहिली, तर या देशातल्या साध्या माणसांची ओळख होईल. तिथे कुणी तिकीट काढत नाही आणि कुणी परकं समजत नाही.

किंमत गर्दीत मोजावी लागते. मेअखेरच्या मेमोरियल डेपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गार्नर गजबजलेलं असतं. नाचाच्या वेळेपर्यंत पार्किंग भरून जातं. शांतता हवी असणाऱ्याने उन्हाळ्यात इथे पाऊल ठेवू नये, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यावं. सायप्रस तेव्हा तांबूस होतात आणि साधारण पाऊण तासावर लॉस्ट मेपल्स हे पार्क आहे, जिथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मेपलची पानं लाल-पिवळी होतात. दोन्ही एकाच खेपेत होतात. मात्र लॉस्ट मेपल्सला आरव्ही घेऊन जाऊ नका, छोटी गाडी न्या. त्या दिवसांत तिथलं डे पासचं बुकिंगही आधी लागतं.

ओल्ड बॉल्डी नावाची टेकडी चढायला मुलांना मजा येते. वाट लांब नाही, पण खडी आहे आणि वर्षानुवर्षांच्या पायांनी खडक गुळगुळीत झालाय. सकाळी लवकर जा, सपाट तळव्याच्या चपला नकोत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबलेलं बरं.

रस्त्याबद्दल मात्र ठामपणे सांगते. नकाशाचं अ‍ॅप तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून टेकड्यांमधून नेईल. लेकी आणि मेडिना यांच्यामधला ३३७ क्रमांकाचा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा लाडका आहे, कारण त्याला वळणं, चढ आणि दरी आहे. २५ फुटी भाड्याची गाडी पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसाने तिथे जाऊ नये. सॅन अँटोनिओहून हायवे ९० ने सॅबिनल गाठा आणि तिथून १२७ ने कॉनकॅनला या. किंवा युव्हाल्डीपर्यंत जाऊन ८३ ने वर या. थोडं लांब पडेल, पण आईबाबा मागे निवांत बसतील. सॅन अँटोनिओपासून पावणेदोन-दोन तास धरा, ऑस्टिनपासून साडेतीन. डॅलसहून एका दमात जाऊ नका. किराणा युव्हाल्डीलाच भरून घ्या; पार्काजवळ छोटी दुकानं आहेत, पण तिथे दही-कोथिंबिरीची खात्री नाही.

ग्वाडलूप रिव्हर: पहिल्यांदा आरव्ही घेणाऱ्यांसाठी

हे पार्क सॅन अँटोनिओच्या उत्तरेला, जेमतेम तीस-पस्तीस मैलांवर. ऑस्टिनहून पावणेदोन तास, ह्यूस्टनहून सुमारे चार. हायवे ४६ वरून आत वळायचं, रस्ता साधा, घाट नाही. चार मैल नदीकाठ, समोर चुनखडीचे उभे कडे, सायप्रसची मुळं पाण्यात उतरलेली. १९८३ पासून लोकांसाठी खुलं आहे. वसंतात इथे गोल्डन चीक्‌ड वॉर्बलर घरटं करतो, आणि हा पक्षी टेक्सासाबाहेर कुठेही घरटं करत नाही.

नवख्यांना मी हेच पार्क सुचवते, आणि कारण निसर्गाचं नाही, सोयीचं आहे. काही राहिलं, काही बिघडलं, आईंची बीपीची गोळी घरी राहिली, तर अर्ध्या तासात मोठी दुकानं आणि औषधं मिळतात. सॅन अँटोनिओ हाताशी असल्याने भाड्याची गाडी घ्यायला आणि परत करायलाही सोपं. येता-जाता हेलोटसचं हिंदू मंदिर करता येतं. पाऊस आला तर नॅचरल ब्रिज कॅव्हर्न्स जवळ आहेत, तिथल्या गुहेत दिवसाचा अर्धा भाग छान जातो.

उणीव दोनच. एक, वर सांगितलेला दुष्काळ. दोन, शहर जवळ असल्याने उन्हाळी शनिवारी दिवसभरासाठी येणाऱ्यांची झुंबड. पार्क भरलं की गेट बंद करतात. तुमचं रात्रीचं बुकिंग असलं की तुम्ही आत असताच, पण नदीकाठी सावलीची जागा हवी तर सकाळी नऊच्या आत खाली उतरा. बरोबरची दुसरी फॅमिली नुसती दिवसभरासाठी येणार असेल, तर त्यांचा डे पास आधी काढून ठेवा. संध्याकाळी ती मंडळी परत गेली की पार्क एकदम मोकळं होतं.

साउथ लॅनो: माझी आवड

आयटेन हायवेवरचं जंक्शन हे छोटं गाव, त्याच्या दक्षिणेला पाचेक मैलांवर हे पार्क. ऑस्टिनहून अडीच तासांच्या आसपास, सॅन अँटोनिओहून दोन. ह्यूस्टनहून आणि डॅलसहून पाचेक तास, आणि आरव्हीने त्याहून जास्त. एका शेतकऱ्याने आपलं रान राज्याला दान दिलं, त्यातून हे उभं राहिलं आणि १९९० मध्ये खुलं झालं.

इथे ज्यूकबॉक्स नाही, नाच नाही, बंधारा नाही. पेकानची जुनी झाडं, स्वच्छ वाहती नदी आणि रानटी टर्की. हिवाळ्यात शेकडो टर्की नदीकाठच्या झाडांवर रात्री वस्तीला येतात, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा त्यांच्या वस्तीचा भाग माणसांना बंद असतो. पक्षी बघायच्या झोपड्या तेवढ्या खुल्या राहतात. या झोपड्या म्हणजे आईबाबांसाठी पर्वणी. आत बाकं, समोर पाण्याची छोटी टाकी, आणि काही हालचाल न करता बसलं की पक्षी चार हातांवर येतात. एप्रिलनंतर पेंटेड बंटिंग दिसतो: डोकं निळं, पाठ हिरवट, पोट लाल. एवढे रंग एका चिमणीएवढ्या पक्ष्यावर पाहून मोबाइलवाली मुलंही गप्प होतात.

२०१७ मध्ये या पार्काला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क हा दर्जा मिळाला. अमावास्येच्या आसपासची तारीख धरा. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. पुण्या-मुंबईत राहिलेल्या माणसाला आणखी एक फरक जाणवेल: पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो, इमारतींमागे लपतो, इथे तो तीस अंशांवर, चांगला वर दिसतो. सप्तर्षीवरून ध्रुव शोधायचा धडा आजोबांनी नातवाला द्यावा तर इथे.

गैरसोयी सांगते. कॅम्पग्राउंडपासून नदी अर्धा मैल तरी लांब. दुपारच्या शंभर फॅरनहाइटच्या उन्हात ट्यूब घेऊन चालणं लहान मुलांना जड जातं. जंक्शनमध्ये किराणा मिळतो, पण निवड मर्यादित. आणि दुपारी तीनला 'आता काय करायचं?' विचारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांना इथे आणलंत तर तुमची सुट्टी त्यांची समजूत काढण्यात जाईल. त्यांना गार्नरला न्या.

खाजगी आरव्ही रिसॉर्ट का नको?

तिन्ही नद्यांवर खाजगी आरव्ही पार्क आहेत आणि तिथे पूल, वायफाय, साइटवरच सीवरची म्हणजे सांडपाण्याची जोडणी, सगळं असतं. भाडं स्टेट पार्कच्या दुप्पट सहज होतं. स्टेट पार्कची वीज-पाण्याची साइट साधारण २० ते ४० डॉलरमध्ये पडते. माणशी प्रवेश शुल्क वेगळं, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते नाही, आणि वार्षिक पास असेल तर गाडीतल्या सगळ्यांचं माफ. मला पैशांपेक्षा दोन कारणं मोठी वाटतात. स्टेट पार्कमध्ये दोन साइटच्या मध्ये झाडं असतात, शेजाऱ्याचा टीव्ही आपल्या जेवणात येत नाही. आणि खाजगी मालकाला नदीलगतची जागा जास्त भावाने विकायची असते, त्यामुळे गाड्या अगदी काठावर उभ्या राहतात. पोरांना पूल हवाच असेल तर खाजगी घ्या, पण नदीकडची रांग सोडून मागची मागा.

गाडी, वीज, टाक्या आणि फोडणी

दोन मोठे, दोन मुलं आणि आईबाबा असतील तर २५ ते २८ फुटांची क्लास सी घ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बंक असलेली. क्लास ए म्हणजे बस, नवख्याला नको. कॅम्पर व्हॅन चालवायला सोपी, पण सहा जण मावत नाहीत. टेक्सासात २६ हजार पौंडांपर्यंतच्या गाडीला नेहमीचं लायसन्स चालतं. भाडं ठरवताना मैलांचे पैसे, जनरेटरचे तास, अंथरूण-भांड्यांचा संच आणि साफसफाई यांचे आकडे आधीच विचारा. दिवसाचा दर स्वस्त दिसतो तो या चौघांमुळे. गाडी गॅलनला आठ-दहा मैलच देते. आईबाबांचा पलंग दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा आहे ना, हे बघा. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला भिंतीकडेला झोपवू नये.

बरोबर एक साधी कारही न्याच. आरव्ही एकदा वायर-पाइप लावून उभी केली की दूध आणायला हलवता येत नाही.

साइटवर ३० अँपियरची वीज असेल तर १२० व्होल्टला ३,६०० वॉट मिळतात. एसी चालू, त्यात मायक्रोवेव्ह, त्यात कुणीतरी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडलाच. दोन एसीच्या गाडीला ५० अँपियरची साइट हवी; तिथे १२,००० वॉटपर्यंत मिळतात. इन्स्टंट पॉट चालतो, पण एकावेळी एकच उपकरण हा नियम करा.

सीवरची जोडणी साइटवर असेलच असं धरू नका. सांडपाणी जाताना डंप स्टेशनवर सोडावं लागतं. आपल्या घरांत संडासला पाणी जास्त वापरलं जातं, त्याने ब्लॅक टँक लवकर भरते. भांडी आणि अंघोळीने ग्रे टँक त्याहून लवकर. म्हणून अंघोळ पार्कच्या बाथहाउसमध्ये करा, दिवसाचा संडासही शक्यतो तिथेच. डंप करताना हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडून घट्ट बसलाय हे हाताने हलवून बघा, मग आधी ब्लॅकची खिटी ओढा. खळखळ थांबली की ती बंद करून ग्रेची उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप या कामाला कधीही वापरायचा नाही, तो वेगळ्या कप्प्यात ठेवा.

आणि फोडणी आत करू नका. आरव्हीचं छत बुटकं, धुराचा अलार्म शेगडीपासून हातभर अंतरावर. हिंग-मोहरी तडतडली की तो कोकलायला लागतो आणि वास गाद्यांमध्ये जाऊन बसतो. दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी बाहेर पिकनिक टेबलावर लावा. वाटण आणि गोडा मसाला घालून केलेली उसळ घरून गोठवून न्या, तिथे फक्त भात आणि पापड. बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर जाळ करायची बंदी, असला तर लाकडाची शेकोटी बंद असते, गॅसच्या शेगडीचं गेटवर विचारा. पार्कातली वाळकी लाकडं उचलायला मनाई आहे, सरपण विकत घ्या.

बुकिंग

टेक्सासातल्या स्टेट पार्कांच्या साइट पाच महिने आधी खुल्या होतात. ४ जुलैची साइट हवी तर ४ फेब्रुवारीला सकाळी संगणकासमोर बसा. गार्नरच्या बाबतीत ही अतिशयोक्ती नाही. रविवार ते गुरुवार जमवता आलं तर तिन्ही ठिकाणी जागाही मिळते आणि नदीही आपली होते. एका साइटवर आठ माणसं चालतात, दोन कुटुंबं असतील तर शेजारच्या दोन साइट घ्या. साइटच्या वर्णनात पॅडची, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेची, लांबी दिलेली असते, ती गाडीपेक्षा चार-पाच फूट जास्त असू द्या. गेट रात्री दहाला बंद होतं आणि आरव्ही अंधारात मागे घेऊन लावणं अवघड, म्हणून दुपारीच पोचायचं ठरवा. पार्कात सार्वजनिक जागी दारूला परवानगी नाही आणि नदीवर लाइफगार्ड नसतो. पोहता येणाऱ्या मुलांनाही वाहत्या पाण्यात लाइफ जॅकेट घाला.

निघायच्या आदल्या रात्री पार्कच्या पानावरच्या सूचना, नदीचा मापक आणि हवामान, तिन्ही बघा. फ्लॅश फ्लड वॉच लागलेला असेल तर तारीख बदला. थोडे पैसे कापले जातील, जाऊ द्यात.